मागाच्या आवाजाला कान खरंच सरावतात का?

कांडीवाला

नमस्कार. एरवी मी इथं पाककृती आणि क्रिकेटचे धागे वाचून गप निघून जातो. स्वतः धागा काढायची ही पहिलीच वेळ. आमच्या धंद्यात धागा तुटला की माग बंद पडतो, तेव्हा सांभाळून घ्या.

वय ५२, गाव इचलकरंजी. बारा साधे यंत्रमाग आहेत, धोट्याचे (धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडं नेणारा तुकडा). खाली खातं, म्हणजे मागांचा कारखाना, वर घर. जन्मल्यापासून तो खडखडाट ऐकतोय. ऐकतोय म्हणणंही चूकच, तो असतोच. पाहुणे आले की पहिल्या रात्री त्यांना झोप लागत नाही, आणि आम्हाला लाइट गेली की जाग येते. माग थांबले की घरातली सगळी उठून बसतात. आई सांगते, मी पाळण्यात असताना लाइट गेली की रडायचो आणि माग सुरू झाले की गप व्हायचो. त्यामुळं 'आमचे कान सरावलेत' ही आमच्या गल्लीतली ठरलेली समजूत. मीही ती तीस वर्षं छातीठोकपणे सांगत आलो.

आता झालंय असं. गेल्या दिवाळीच्या आधी एका व्यापाऱ्यानं फोनवर तीस तागे सांगितले, मी वीस पाठवले. तो म्हणतो तीस, मी म्हणतो वीस, दोघांचे आवाज चढले. शेवटी दिवाणजीनं व्हॉट्सॲप उघडून दाखवलं, तीसच होते. मी फोनला दोष दिला आणि नवा फोन घेतला. महिन्याभरानं नव्या फोनवर पण तोच घोळ.

घरात मुलगा म्हणतो, पप्पा, टीव्ही ३८ वर आहे, आम्हाला १८ ला पुरतो. बायकोचं म्हणणं, मी तिचं बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं करतो. (यात थोडं तथ्य आहे, पण सगळं नाही.) आणि रात्री एक बारीक किर्रर्र आवाज. दोनदा उठून फ्रिज बंद करून बघितला, एकदा इन्व्हर्टर. बायको म्हणाली, "अहो, कसला आवाज? काही नाहीये." रातकिडा माझ्याच डोक्यात बसलेला.

शेवटी तपासणी केली. काचेच्या खोलीत बसवून कानात पीप पीप करतात ती. कागदावर रेघ आली (आडवे आकडे पट्टीचे, हर्ट्झमध्ये; उभे डेसिबलमध्ये; रेघ जितकी खाली तितकं ऐकणं कमी), ती १००० पर्यंत सरळ, ३००० पासून घसरलेली, ४००० ला डावा कान ५५, उजवा ५०, आणि ८००० ला परत थोडी वर. सोबत बीपी १५२/९६. डॉक्टर दोन मिनिटांत म्हणाले, मोठा आवाज टाळा. म्हटलं साहेब, माग टाळू?

माझी भीती वेगळीच आहे. आमचे आण्णा, म्हणजे वडील, आता ७९ वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं त्यांनी माग चालवले, पहिली पंचवीस दुसऱ्याच्या खात्यात, बारा-बारा तासांची पाळी. साठीच्या आतच त्यांच्याशी बोलणं अवघड झालं होतं. एकदा भावकीतले एकजण घरी आले आणि दारातूनच म्हणाले, "आण्णा, आमची म्हातारी गेली." आण्णा हसून म्हणाले, "बरं झालं, या, चहा घ्या." त्या माणसाचा चेहरा मला अजून दिसतो. तेव्हापासून आण्णा लग्नाकार्याला येतात, पण कोपऱ्यात बसतात आणि कुणीही काहीही बोललं की नुसती मान हलवतात.

तर विचारायचं एवढंच. कान सरावतात हे खरं की खोटं? या रेघेचा आणि बीपीचा काही संबंध आहे का? आणि कानात बुच घालून माग चालवता येतो का? कारण आम्ही माग कानानंच ओळखतो. पिकर (धोट्याला फटका देणारा भाग) झिजला, धोटा नीट बसत नाही, कुठला नटबोल्ट ढिला झालाय, हे बघून नाही, ऐकून कळतं.

निवांत_नाना

काही होत नाही हो. आमचे आजोबा लालबागला मिलमध्ये ३५ वर्षं साच्यावर, म्हणजे मागावर, होते. ऐंशीव्या वर्षी शेजारच्या खोलीतली कुजबुज ऐकून भांडायला जायचे. हल्ली प्रत्येक गोष्टीचा आजार करून ठेवलाय. मशीन खपवायचा धंदा आहे सगळा.

ढोल_क्रमांक_४

नानांचं राहू दे. मी पुण्यातल्या एका पथकात सहा वर्षं ढोल वाजवतोय, वय २७. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी कानात कापूस कोंबल्यासारखं वाटायचं, लोक पाण्याखालून बोलतायत असं. दोन दिवसांत मोकळं व्हायचं, म्हणून आम्ही हसण्यावारी न्यायचो. गेल्या वर्षी ते मोकळं व्हायला आठवडा लागला, आणि शिट्टी वाजतेय ती अजून वाजतेच आहे. कांडीवाले, तुमची ४००० वाली रेघ वाचून माझा रिपोर्ट काढून बघितला. माझी पण तिथंच खाली गेलीय, तुमच्याइतकी नाही, ३५ पर्यंत.

श्रवणा_मिरज

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारी, आहे. कानाला मशीन बसवायचं कामही करते, तेव्हा नानांनी मला व्यापारी समजून वाचलं तरी चालेल.

कांडीवाले, तुम्ही रेघ इतकी नीट लिहिलीय की कागद न बघता सांगते, ही आवाजानं झालेल्या इजेची अगदी ठरलेली खूण आहे. नुसत्या वयानं कान उतरतो तेव्हा रेघ ८००० कडे उतरतच जाते. तुमची ४००० ला खड्डा करून परत वर येते. याचं कारण मजेशीर आहे. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटरची, आतून पडद्यानं बंद. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एक ठरावीक सूर निघतो ना, तशी ही नळी ३००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज वाढवून आत सोडते. आणि इजा त्याच्या जरा वरच्या पट्टीत, ४००० च्या जवळपास, सगळ्यात जास्त होते. माग असो, ढोल असो की जनरेटर, खड्डा बहुतेक तिथंच पडतो.

आत, शंखाच्या आकाराच्या भागात, प्रत्येक कानात पंधरा-सोळा हजार बारीक केसपेशी असतात. आईच्या पोटात असतानाच त्या तयार होतात, नंतर नवी एकही येत नाही. कोंबडीच्या कानात त्या मेल्या तरी परत उगवतात, आपल्यात नाही. मोठा आवाज झाला की त्या आधी थकतात. ढोलवाल्यांना दुसऱ्या दिवशी जे होतं ते हेच, आणि थकलेल्या पेशी सावरल्या की कान मोकळा होतो. पण उंदरांवरच्या संशोधनातून २००९ मध्ये एक वाईट गोष्ट समोर आली. ऐकण्याची पातळी पूर्ववत झाल्यावरही केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले पुष्कळ जोड कायमचे तुटलेले सापडले. माणसातही असंच होत असणार असा अंदाज आहे. तपासणीत पीप पीप सगळं ऐकू येतं, पण चार माणसांच्या गलक्यात शेजारच्याचं बोलणं कळत नाही, अशी तरुण मुलं माझ्याकडे येतात तेव्हा मला तेच आठवतं.

आता तुमचे वीस आणि तीस. मराठीत स्वर जाड आणि मोठे, ते खालच्या पट्टीत असतात. त, क, स, श, फ यांचा आवाज मुळातच हलका आणि वरच्या पट्टीतला. तुम्हाला लांब 'ई' स्वच्छ ऐकू येते, तिच्या आधी 'व' होता की 'त' हे मेंदू अंदाजानं भरतो. म्हणून तुमच्यासारखी माणसं म्हणतात, "ऐकू येतं, पण कळत नाही." समोरच्याला वाटतं लक्ष नाही. घरातली निम्मी भांडणं इथून सुरू होतात. बायकोच्या तक्रारीतलं उरलेलं निम्मं तथ्य तुमचं तुम्ही बघा.

सरावाचं म्हणाल तर सराव मेंदूला होतो. रोजचा आवाज धोक्याचा नाही असं ठरवून तो दखल घ्यायचं सोडतो. कानावर मार बसायचा तो बसतोच. शिवाय पेशी गेल्या की आवाज खरोखरच कमी ऐकू येतो आणि माणूस म्हणतो, बघा, आता त्रास होत नाही. नानांच्या आजोबांचंही खरं असेल. सारख्याच आवाजात काहींचे कान टिकतात, काहींचे लवकर जातात, आणि कुणाचं काय होणार हे आधी ओळखता येत नाही.

खात्यात आवाज किती असतो ते मोजलंय का?

कांडीवाला

मोबाइलच्या ॲपवर बघितलं. बारा चालू असताना मधल्या गल्लीत ९७-९८ दाखवतं. ॲपचा काय भरवसा, पण शंभराच्या आसपास असणार. एकमेकांशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं, नाहीतर हातवारे. अंगठा तोंडाकडं म्हणजे चहा, दोन बोटांची कात्री म्हणजे तार, म्हणजे धागा, तुटली.

श्रवणा_मिरज

मग हा हिशेब करा. धोक्याच्या खाली राहायचं तर ८५ डेसिबलला आठ तास चालतात. पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास, १०० ला पंधरा मिनिटं. ३ डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून. आपल्याकडं कारखान्यांच्या नियमात आठ तासांना ९० धरलेत, ते जरा सैलच. तुमच्या खात्यात सकाळी सगळे माग सुरू करून पहिला चहा येईपर्यंत दिवसाचा कोटा संपलेला असतो. आण्णांनी बारा तासांच्या एका पाळीत पंचवीस-तीस दिवसांचा आवाज घेतलाय, आणि तो चाळीस वर्षं.

पाऊस_आणि_पोहे

मी मँचेस्टरजवळ राहते, माहेर कोल्हापूर. लहानपणी भूगोलात 'महाराष्ट्राचं मँचेस्टर कोणतं' याचं उत्तर इचलकरंजी असं पाठ केलेलं. लग्न होऊन खऱ्या मँचेस्टरला आले तर इथं मागच नाहीत. विमानतळाच्या बाजूला एक जुनी सूतगिरणी आता संग्रहालय म्हणून ठेवलीय, तिथं पाहुण्यांसाठी थोडे माग चालवून दाखवतात. मोजकेच माग आणि तेही थोडाच वेळ, तरी माझ्या मुलीनं कानावर हात ठेवले. मला मात्र एकदम आजोळची गल्ली आठवली आणि डोळ्यांत पाणी आलं, हे बरं की वाईट कुणास ठाऊक.

तुमच्या हातवाऱ्यांवरून आठवलं. इथल्या लँकेशायरच्या विणकर बायका ओठ वाचून बोलायच्या. तोंड मोठं वेडंवाकडं करून, आवाज न काढता. त्याला 'मी-मॉ' म्हणायचे. गिरण्या गेल्या तरी म्हाताऱ्या बायका रस्त्याच्या या फुटपाथवरून त्या फुटपाथवर तशाच गप्पा मारायच्या म्हणे. लोकांना त्याची गंमत वाटायची. त्यातल्या किती जणींना ऐकूच येत नव्हतं, हे कुणी विचारायचं नाही.

स्टेथोवाला

गडहिंग्लजला जनरल प्रॅक्टिस आहे. बीपीबद्दल दोन शब्द.

१५२/९६ चं सगळं खापर मागांवर फोडू नका. वय, वजन, मीठ, तंबाखू, घरात कुणाला होतं का, हे आधी. पण संबंध नाही असंही नाही. कान झोपत नाहीत. आपल्याला जाग आली नाही तरी आवाजासरशी रात्री नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकसतात, ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल यांची पातळी हलते. वर्षानुवर्षं असं होत राहिलं की रक्तदाब आणि हृदयावर परिणाम दिसतो. याचा सगळ्यात जास्त अभ्यास रस्त्यावरच्या वाहतुकीवर झालाय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये युरोपसाठी सूचना काढल्या, त्यात रात्री वाहतुकीचा आवाज घराबाहेर ४५ डेसिबलच्या आत हवा असं म्हटलंय. आपल्या २००० च्या नियमातही निवासी भागाला रात्री ४५ आणि दिवसा ५५ च आहे. कागदावर आपण मागे नाही.

तुम्ही झोपता तिथं, वरच्या मजल्यावर, रात्रपाळी चालू असताना एकदा मोजा. आणि बीपी एका रीडिंगवर ठरत नाही. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजून लिहून ठेवा. पेनकिलर रोज घेत असाल तर तेही सांगा, काही गोळ्यांनी बीपी वाढतं आणि काहींनी कानातली शिट्टीसुद्धा.

कांडीवाला

झोपायच्या खोलीत मोजलं. खिडक्या बंद, रात्री एक वाजता, ६३.

निवांत_नाना

कारखान्यांच्या कायद्याखाली तक्रार करा मग. तिथं बहिरेपण नोंद करायच्या आजारांत धरलंय असं वाचलं होतं.

कांडीवाला

नाना, धरलंय. पण आमच्या खात्यात सात माणसं. एवढ्या छोट्या खात्याला तो कायदा सहसा लागत नाही. निम्मं गाव अशाच खात्यांवर चालतं. आणि तक्रार कुणाविरुद्ध करू, मालक मीच.

श्रवणाताई, बुचांचं राहिलं.

श्रवणा_मिरज

हो. कापूस नको, त्यानं समाधान मिळतं, संरक्षण नाही. फोमची बुचं घ्या, पंधरा-वीस रुपयाला जोडी. बोटांत वळून वातीसारखी बारीक करायची, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागं ओढायचा, आत सरकवायची आणि फुगेपर्यंत बोट दाबून धरायचं. बहुतेकजण नुसती दाराशी अडकवतात. पाकिटावर ३३ डेसिबल लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात निम्मं मिळालं तरी तुमचे ९८ ऐंशीच्या आसपास येतात. हात तेलाचे असतील तर आधी पुसा.

माग ओळखता येणार का, याचं खरं उत्तर असं. ज्याचे कान चांगले आहेत त्याला बुच घालून उलट जास्त नीट कळतं, कारण फार मोठ्या आवाजात कानच फाटल्यासारखा ऐकतो. तुमच्या खात्यातल्या पोरांना हे लागू. तुमचं तसं नाही. फोम वरची पट्टी जास्त दाबतं, आणि तुमची तीच गेलीय. तुम्ही वादक वापरतात तसली बुचं बघा, ती सगळ्या पट्ट्या सारख्या कमी करतात. महाग असतात. पहिले पंधरा दिवस तुम्हाला माग परके वाटतील.

किर्रर्र साठी गोळी नाही. ती शोधत फिरू नका, आणि कानात तेल तर अजिबात नको. झोपताना पंखा किंवा बारीक रेडिओ ठेवा, पूर्ण शांततेत ती जास्त छळते. मशीनची घाई नाही, पण बोलणं समजण्याची चाचणी करून घ्या. एक मात्र लक्षात ठेवा, सगळ्यांनीच. एखादा कान अचानक, एका दिवसात बंद झाला तर मळ असेल म्हणून थांबू नका. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा. दोन-तीन दिवसांत उपचार सुरू झाले तर कान वाचण्याची आशा जास्त असते.

आण्णांना एकदा आणा. परवडत नसेल तर केंद्र सरकारच्या योजनेत मशीन मिळतं, वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेकडंही चौकशी करता येते.

ढोल_क्रमांक_४

आमच्या पथकात बुचांचा विषय काढला. अर्धे हसले. "मग वाजवायचं कशाला?" पण ताशावाल्या दोघींनी गुपचूप लिंक मागितली.

कांडीवाला

अडीच महिन्यांनी लिहितोय.

बुचं आणली, सगळ्यांना वाटली. सातांपैकी तिघं घालतात. एकानं ती तंबाखूच्या पुडीत ठेवलीत, विचारलं की दाखवतो. जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, घालत नाही, त्याचं म्हणणं माग त्याच्याशी बोलतात. मी त्याला माझी रेघ दाखवली, त्याची काढून आणतो म्हटलं. बघू.

मला पहिले दहा दिवस खरंच काही सुधरत नव्हतं. दोनदा पिकर तुटेपर्यंत कळलं नाही. मग एक नवीन गोष्ट लागली. मागाच्या चौकटीवर तळवा ठेवला की धोट्याचा मार हातात येतो. बिघडलेला माग हाताला वेगळा लागतो. हे आण्णांना सांगितलं, म्हणजे पाटीवर लिहून दाखवलं, तर ते म्हणाले, "मी वीस वर्षं तसंच ओळखत होतो. तुला काय वाटलं, ऐकून?"

रात्रपाळी पुढच्या सहा मागांची बंद ठेवलीय, झोपायची खोली त्यांच्यावरच येते. पैशाला मार बसतो, वर पहिले चार दिवस आम्ही सगळेच रात्री टक्क जागे होतो. घरच्या वहीत बीपी १४० च्या आसपास येतंय. गोळी चालू आहे आणि तंबाखू बंद आहे, त्यामुळं कशाचा किती गुण ते स्टेथोवाले डॉक्टरच जाणोत.

आण्णांना मशीन बसवलं. तिसऱ्या दिवशी अंगणातून रागानं आत आले. म्हणाले, कोण सारखं माझ्या मागून चालतंय? बघितलं तर कुणी नव्हतं. त्यांच्याच चपला फटफट वाजत होत्या.

श्रवणा_मिरज

हे सगळेच म्हणतात. माणसांचं बोलणं कळतंय का त्यांना?

कांडीवाला

एकेकट्याचं, समोर बसून, सावकाश. चौघं बोलायला लागले की काढून खिशात ठेवतात. परवा ते भावकीतले गृहस्थ आले होते, म्हातारी गेलेले. आण्णांनी मशीन घातलं, त्यांना जवळ बसवलं आणि विचारलं, "त्या दिवशी तू काय म्हणाला होतास?"